वाडवडिलांच्या वह्या : ना पूजेला, ना पाण्याला



धम्मदीक्षा घेऊन परतलेले कुटुंब प्रथम आपल्या घराची झडती घेते. देव्हारा रिकामा होतो. टाक, तसबिरी, गंडेदोरे, परड्या बाहेर पडतात. हे योग्यच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांचा अर्थ त्यांनी संदिग्ध ठेवलेला नाही. ज्याच्या घरात त्रिशरणही आहे आणि खंडोबाचा टाकही आहे, त्याने दीक्षा घेतली की एक दिवस पांढरी वस्त्रे परिधान केली, हा प्रश्न त्याने स्वतःलाच विचारावा.

परंतु या झडतीत ट्रंकेच्या तळाशी जुन्या फडक्यात बांधलेली एखादी वस्तू हाती लागते आणि तेथे घरातील माणसे थबकतात. ती असते आज्याच्या किंवा पणज्याच्या हातची वही. तीत अभंग असतात, आरत्या असतात, कबिराचे दोहे असतात. अक्षर कोठे मोडी, कोठे बाळबोध. काना-मात्रा पुष्कळदा चुकलेल्या. मागील पानांवर उसनवारीचा हिशेब आणि घरातील जन्ममृत्यूच्या तारखा. ही वही देव नव्हे. पण ती देवाला उद्देशून लिहिलेली आहे. मग तिचे काय करावयाचे?

घरातील तरुण म्हणतो, देव पाण्यात सोडले, मग देवाची गाणी कशाला ठेवायची? सोडा तीही नदीत. घरातील वृद्ध म्हणतात, राहू दे, वडिलांची खूण आहे. बुद्धमूर्तीच्या शेजारी ठेवू आणि सणासुदीला फूल वाहू. हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत, आणि दोहोंनी नुकसान आपलेच होणार आहे. ते कसे, हे आपण शांतपणे समजून घ्यावे एवढ्याचसाठी हा लेख.

प्रथम तरुणाचे म्हणणे पाहू. २२ प्रतिज्ञांत आपण काय सोडले? हिंदू देवदेवतांना देव मानणे सोडले, त्यांची उपासना सोडली, श्राद्धपक्ष सोडला, पिंडदान सोडले. वाचणे सोडले नाही. जपून ठेवणे सोडले नाही. आज्याने काय लिहिले हे जाणून घेण्याची मनाई त्या प्रतिज्ञांपैकी एकीतही नाही. उपासना आणि अभ्यास या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद ज्याला कळत नाही, तो वही जाळतानाही तिला देवच समजत असतो. कारण कागदाला भिणारा मनुष्य कागदात अजून काहीतरी दैवी शक्ती मानतो.

यावर तो तरुण महाडचा दाखला देईल. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृती जाळली गेली नाही काय, असे विचारील. जाळली गेली, आणि योग्य तेच झाले. पण मनुस्मृती काय होती? ती आपल्यावर लादलेली दंडनीती होती. तिच्या छापील प्रती देशभर होत्या. एक प्रत जाळल्याने ग्रंथ नाहीसा होणार नव्हता आणि तो नाहीसा करणे हा हेतूही नव्हता. तिच्या अधिकाराचा जाहीर धिक्कार करणे हा हेतू होता. तुमच्या आज्याच्या वहीची प्रत मात्र जगात एकच आहे. मनुस्मृती हा आरोपीचा हुकूमनामा होता. ही वही फिर्यादीची कैफियत आहे. हुकूमनामा जाळणारा बंडखोर ठरतो. आपल्याच बाजूची कैफियत जाळणाऱ्याला काय म्हणावे, हे तुम्हीच ठरवा.

आणि पाण्यात सोडण्याविषयी म्हणाल, तर महाराष्ट्रात वह्या पाण्यात बुडविण्याची कथा कोणाची आहे हे आठवा. सतराव्या शतकात देहूच्या तुकोबांनी अभंग लिहिले. शूद्राने धर्माचा अर्थ सांगू नये या हट्टापायी त्यांच्या वह्या इंद्रायणीच्या डोहात बुडवावयास लावल्या, असे परंपरा सांगते. वह्या पाण्यावर तरून आल्या या चमत्कारावर आपला विश्वास असण्याचे कारण नाही. पण चमत्कार वगळल्यावर जे उरते ते ध्यानात घ्या. तुकोबांचे शब्द टिकले ते लोकांच्या मुखात आणि घराघरांतील वह्यांत. संताजी जगनाडे या तेली समाजातील अनुयायाच्या हातच्या वह्या त्याच्या वंशजांनी सांभाळल्या, म्हणूनच विसाव्या शतकाच्या आरंभी विनायक लक्ष्मण भावे यांना त्यांच्या आधाराने गाथा छापता आली. वही बुडविण्याची आज्ञा वरून येत असे. वही राखण्याचे काम खालची घरे करीत असत. आता खालच्या घरानेच वही बुडवावी, आणि तीही कोणी आज्ञा न करता, यात क्रांती कसली?

आता चोखोबांकडे वळा. चौदाव्या शतकातील हा संत आपल्या पूर्वजांपैकी. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम कोसळून त्याखाली तो मेला. जिवंतपणी राबविला गेला आणि वेठीतच गाडला गेला. त्याचे अभंग कोणी लिहून घेतले? परंपरेने नाव सांगितले आहे ते अनंतभट्ट या ब्राह्मणाचे. म्हणजे ज्याच्या मुखातून शब्द निघाले, त्याच्या हाताची एकही ओळ आपल्यापाशी नाही. पुढे सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी महाराच्या तोंडी घातलेली जोहाराची भारुडे रचली. त्यांचा हेतू चांगला असेल. पण तेथेही बोलणारा महार आणि लिहिणारा दुसराच. आपला शब्द शतकानुशतके अशा रीतीने परक्या लेखणीतून आला. लिहावयास शिकणे हेच ज्यांना नाकारले होते, त्यांची दुसरी गती नव्हती.

मग अशा समाजातील एक मनुष्य कोणत्यातरी मार्गाने अक्षरे शिकतो. तो मार्ग पलटणीतील शाळेचा असेल, मिशनऱ्यांचा असेल, जोतीराव फुल्यांच्या किंवा नंतरच्या कोणा सुधारकाच्या शाळेचा असेल. दिवसभर राबून तो रात्री चिमणीच्या उजेडात टाक शाईत बुडवितो आणि एका वहीत लिहू लागतो. शेकडो वर्षांत त्याच्या घराण्यात लेखणी धरणारा तो पहिला हात आहे. त्याने देवाचे नाव लिहिले याचा तुम्हाला राग येतो. त्याने लिहिले याचा अभिमान वाटत नाही काय? त्या काळी त्याच्यासमोर दुसरा कोणता शब्दसंग्रह होता? ज्या भाषेत दुःख बोलता येत होते, ती भक्तीची भाषा होती. कोर्टात त्याला उभे करीत नव्हते, पंचायतीत बसवीत नव्हते, पाणवठ्यावर येऊ देत नव्हते. त्याने अर्ज लिहिला तो देवाच्या नावाने.

म्हणून ती वही उघडा आणि त्याने काय काय उतरून घेतले ते पाहा. हजारो अभंगांतून त्याने कोणते निवडले? चोखोबांची पत्नी सोयराबाई हिने विटाळाच्या कल्पनेलाच प्रश्न विचारला. विटाळ नसलेला देह कोणता, असा तिचा सवाल आहे. त्यांचा मुलगा कर्ममेळा याने तर देवाला तोंडावर ऐकविले, की आम्हाला उष्टे खावयास लावलेस, यात तुला लाज कशी वाटत नाही. तुमच्या आज्याने आपल्या वहीत कर्ममेळा उतरून घेतला असेल, तर तो नुसता भजनी मनुष्य नव्हता. तो आपला राग दुसऱ्याच्या शब्दांत नोंदवून ठेवीत होता. कबिराचा निर्गुण उतरला असेल, तर मूर्ती आणि मंदिर यांच्याविषयी त्याच्या मनात शंका जागी झाली होती. आणि नुसत्या आरत्याच उतरल्या असतील, तर तेही जाणून घ्या. गुलामी मनात किती खोल रुजली होती याचा तो पुरावा आहे. पुरावा गोड असो की कडू, तो नष्ट करण्याचा अधिकार वारसालाही नाही.

बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. त्यांचे वडील रामजी सुभेदार पलटणीतील शाळेत शिक्षक होते आणि कबीरपंथी होते. घरात भजनपूजन, पाठांतर नेमाने चाले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाकरिता १९५६ साली बाबासाहेबांनी एक प्रस्तावना लिहिली होती. रामायण-महाभारत वाचण्याचा वडिलांचा आग्रह, त्यावर मुलाने विचारलेला रोखठोक प्रश्न आणि वडिलांनी दिलेले उत्तर तीत नोंदले आहे. ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्रांची हीनता गाणारे ग्रंथ आम्ही का वाचावे, हा त्या मुलाचा प्रश्न होता. तो प्रश्न त्याला विचारता आला, कारण त्याने ते ग्रंथ वाचले होते. आणि ही प्रस्तावना? १९५७ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा ती त्यात छापली गेली नाही. कागद उरला होता म्हणून ती पुढे उजेडात आली. तो कागद कोणी जुना म्हणून टाकला असता, तर बाबासाहेब बुद्धाकडे कसे वळले याची त्यांच्याच शब्दांतील हकीकत आपण गमावून बसलो असतो.

संतांविषयी बाबासाहेबांची भूमिकाही नीट समजून घ्यावी. १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या निबंधात त्यांनी स्पष्ट सांगितले, की संतांनी देवापुढे माणसे समान मानली, पण माणसामाणसांतील विषमतेशी लढा दिला नाही. टीका एवढी परखड. तथापि ‘मूकनायका’च्या शिरावर १९२० साली तुकोबांचा अभंग होता, आणि १९४८ साली अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील आपला ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. आपल्या तीन गुरूंत त्यांनी बुद्ध आणि फुले यांच्यासह कबिराचे नाव घेतले. टीका करावयाची आणि स्मृतीही राखावयाची, या दोन गोष्टी त्यांना परस्परविरोधी वाटल्या नाहीत. त्यांचे अनुयायी म्हणविणारांना त्या तशा का वाटाव्यात?

आता वृद्धांच्या म्हणण्याकडे येतो. आजी-आजोबांनो, आपली माया आम्ही जाणतो. पण मायेच्या पोटी ती वही पुन्हा पाटावर बसवू नका. आज फूल, उद्या उदबत्ती, परवा हळदकुंकू. आणि तीन पिढ्यांनी ती वही उघडण्याचीही मनाई होईल. पोथीचा देव असाच होतो. वक्कली नावाचा आजारी भिक्खू बुद्धाच्या दर्शनाची आस धरून होता. त्याला भगवंतांनी सांगितले, की या नाशवंत देहाला पाहून काय मिळणार, जो धम्म पाहतो तोच मला पाहतो. केसपुत्ताच्या कालामांना त्यांनी उपदेश केला, की परंपरेने आले म्हणून किंवा ग्रंथात आहे म्हणून काही मानू नका. ज्या शास्त्याने स्वतःच्या देहाची पूजा मानली नाही, त्याच्या मूर्तीशेजारी वहीची पूजा शोभेल काय? वहीचा मान पूजेत नाही, वाचनात आहे. नातवंडांना जवळ बसवा, वही उघडा आणि त्यांना सांगा: हे तुमच्या पणज्याचे अक्षर, तो अमुक गावी राहत होता, त्याने हे का लिहिले असेल?

आणखी एक मनुष्य आहे, ज्याला तरुणही ओळखत नाही आणि वृद्धही. तो बाहेरून येतो. गोड बोलून वही मागतो, आणि मग सभेत ती उंच धरून सांगतो: पाहा, हे लोक मूळचे आमचेच, यांचे पूर्वज विठ्ठलाचे भक्त होते, धर्मांतर हा रागाच्या भरात घेतलेला निर्णय होता. या मनुष्याला उत्तर काय द्यावयाचे? वही नदीत सोडली असेल तर उत्तर देता येणार नाही. नदी साक्षीला येत नाही. वही हातात असेल तर उत्तर तिच्यातच आहे. तिच्यावरील साल त्याला दाखवा. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले झाले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे १९३० पासून वर्षानुवर्षे सत्याग्रह करूनही दार उघडले नाही. वहीवर १९२५ साल असेल, तर त्याला विचारा: ज्याने पानेच्या पाने विठ्ठलाच्या नावाने भरली, तो त्या साली विठ्ठलाच्या पायांशी जाऊ शकत होता काय? चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर का आहे? भक्ती आमची होती. दरवाजा तुमचा होता. ही वही आमच्या भक्तीपेक्षा तुमच्या दरवाजाविषयी अधिक बोलते. धर्मांतर रागाच्या भरात झाले नाही. चोखोबांपासून वाट पाहिली, ती किती पाहिली याचा हिशेब या वह्यांत आहे.

घरोघरच्या हस्तलिखितांचे मोल बौद्धांनी तरी विसरू नये. तथागतांची वचने प्रथम मुखोद्गत होती. ती सिंहलद्वीपातील आलुविहार येथे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहून काढली गेली, म्हणून पाली त्रिपिटक आपल्यापर्यंत आले. भारतात विहार उद्ध्वस्त झाले, ग्रंथ गेले. संस्कृतातील पुष्कळसे बौद्ध वाङ्मय टिकले ते नेपाळच्या खोऱ्यात, तेथील वज्राचार्यांच्या घरांत आणि विहारांत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हॉजसन या इंग्रज अधिकाऱ्याने पाटणच्या अमृतानंद पंडितांच्या साहाय्याने त्या पोथ्या मिळविल्या आणि जगाला त्यांचा पत्ता लागला. जातिभेदावर कठोर प्रहार करणारी, अश्वघोषाच्या नावावर असलेली ‘वज्रसूची’ अशीच नेपाळातून युरोपीय विद्वानांच्या हाती गेली. त्या घरांनी जुनाट कागद म्हणून पोथ्या टाकल्या असत्या तर? आणि आपल्याच कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटच्या एका सुताराचे नाव दगडावर कोरलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध संघाला दान देणारा एक कारागीर आपले नाव ठेवून गेला. आपल्या आज्याला दगड मिळाला नाही. त्याला दोन आण्यांची वही मिळाली.

येथे आणखी एक इशारा देणे अवश्य आहे. ज्या वह्या आज आपण लिहीत आहोत, त्यांनाही हाच न्याय लागू आहे. दीक्षेनंतर पहिल्या पिढीने त्रिशरण, पंचशील, बुद्धवंदना हाताने उतरून घेतली; पाली उच्चार जसे कानी पडले तसे लिहिले. बायकांनी भीमाचे पाळणे आणि ओव्या रचल्या. जलशांतील गाणी शाहिरांच्या वह्यांत राहिली. वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षरे शिकले आणि त्यांनी अगणित गाणी रचली. आज छापील वंदनापुस्तके सर्वत्र मिळतात, म्हणून त्या पहिल्या वह्या रद्दीत जाऊ लागल्या तर तेही पापच. चुकलेल्या पाली उच्चारांना हसू नका. कोणी ते शिकविले नसताना शिकण्याची धडपड त्यात दिसते. ज्या एकाच वहीत पुढे अभंग आणि मागे पंचशील सापडेल, ती तर सोन्यासारखी जपा; एका घराण्याने धर्म कोणत्या पानावर बदलला, हे तीत डोळ्यांनी दिसते.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या कागदांचा धडाही समोर आहे. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखनाचा पहिला खंड १९७९ साली काढला. प्रवासात आणि नोकरीत भोगलेल्या अस्पृश्यतेच्या त्यांच्या हस्तलिखित आठवणी पुस्तिकेच्या रूपाने छापल्या गेल्या त्या १९९० साली. त्यांचे पाली व्याकरण, पाली शब्दकोश आणि ‘बौद्ध पूजापाठ’ सोळाव्या खंडात आले ते १९९८ साली, म्हणजे महापरिनिर्वाणानंतर बेचाळीस वर्षांनी. एवढ्या मोठ्या पुरुषाच्या कागदांना एवढा काळ लागला. मग तुमच्या आज्याच्या वहीसाठी सरकार धावत येईल, या भ्रमात राहू नका. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतील मुक्ताबाई या मांग समाजातील मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि आम्हाला धर्म तरी कोणता, असे निर्भयपणे विचारले. तो ‘ज्ञानोदया’त छापला गेला म्हणून आज वाचता येतो. जे छापले गेले नाही, त्याचा वाली घरच.

म्हणून काय करावे ते स्पष्ट सांगतो. वही धुतलेल्या, कोरड्या सुती कापडात बांधून जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून दूर ठेवा. ओल हा तिचा पहिला शत्रू आहे; काजळीची जुनी शाई पाण्याच्या स्पर्शाने पुसली जाते. पावसाळा संपताच उघडून वाळवी, कसर लागली आहे काय ते पाहा. पण उन्हात वाळवीत ठेवू नका. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक कागद खातो. प्लास्टिकमध्ये पाने गरम करून पक्की करण्याचा मोह टाळा. ते पुन्हा सुटत नाही. प्रत्येक पानाचा, कोऱ्या आणि हिशेबाच्या पानांचाही, मोबाइलवर फोटो घ्या आणि तो दोन ठिकाणी ठेवा. लिहिणाराचे नाव, गाव, तो कोठे शिकला, काय काम करीत असे, हे घरातील सर्वांत वृद्ध माणसाला आजच विचारा आणि वेगळ्या कागदावर लिहून वहीसोबत ठेवा. वहीच्या पानावर काही लिहू नका. मोडी वाचणारे आता थोडे उरले आहेत. त्यांच्यापैकी कोणाकडून ती उतरून घ्या. कोणी संशोधक मागू लागला तर आनंदाने दाखवा, फोटो द्या. मूळ वही देणेच झाले तर ती सार्वजनिक संस्थेला आणि लेखी पोच घेऊनच द्या. विहारात महिन्यातून एक संध्याकाळ या वह्यांच्या वाचनासाठी राखा; वंदना झाल्यावर, वंदनेचा भाग म्हणून नव्हे.

आपण देव सोडले ते विचार करून. पूर्वजांना सोडण्याचे कारण आपल्याला कोणी दिलेले नाही. ते ज्या दाराशी थांबले, त्या दाराशी आपण थांबलो नाही, एवढाच त्यांच्यात आणि आपल्यात फरक. त्या दाराशी ते किती काळ आणि कसे उभे होते, याची जबानी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवली आहे. ती तुमच्या ट्रंकेत आहे. येत्या पौर्णिमेपूर्वी ती बाहेर काढा, पुसा आणि वाचा.

जय भीम!